स्वादुपिंडदाह : लांबवलेल्या शस्त्रक्रियेचे शास्त्र

जठराच्या मागे आडवे असलेले स्वादुपिंड इन्सुलिन तर बनवतेच, शिवाय प्रथिने व चरबी पचवणारी विकरेही तयार करते. ही विकरे लहान आतड्यात पोहोचेपर्यंत निष्क्रिय राहतात, हीच ग्रंथीची सुरक्षितता असते. पित्ताशयातून निसटलेला खडा नळीच्या तोंडाशी अडकला किंवा मद्यामुळे पेशींना इजा झाली, की ती जागच्या जागी कार्यरत होऊन ग्रंथीलाच पचवू लागतात आणि पोटाच्या वरच्या भागात उठलेली असह्य कळ पाठीत जाते. यालाच तीव्र स्वादुपिंडदाह म्हणतात.

बॉस्टनचे रेजिनाल्ड फिट्झ यांनी १८८९ मध्ये या आजाराचे सविस्तर वर्णन केले, तेव्हाच सुरुवातीच्या दिवसांतील शस्त्रक्रिया अत्यंत धोक्याची ठरेल, असा इशारा दिला होता. तरीही मृत भाग लवकरात लवकर काढून टाकण्याचा मोह विसाव्या शतकात बराच काळ टिकला. खरे पाहता दहापैकी सुमारे आठ रुग्णांचा दाह सौम्य असतो आणि सलाइन, वेदनाशामके व शुश्रूषा यांवर तो आठवड्याभरात ओसरतो. सलाइनही बेताने द्यावे लागते, कारण भरमसाट द्रव दिल्याने फायदा न होता शरीरात पाणी साचते, असे २०२२ मधील एका मोठ्या चाचणीत दिसून आले. रुग्णाला दिवसेंदिवस उपाशी ठेवण्याची जुनी रीतही मागे पडली आहे. आतडे रिकामे राहिले तर त्याचे अस्तर दुबळे होते आणि तेथील जंतू रक्तात शिरण्याची भीती वाढते, म्हणून शक्य तितक्या लवकर तोंडाने, नाहीतर नाकातून घातलेल्या नळीने अन्न दिले जाते.

खरा पेच उरतो तो ग्रंथीचा काही भाग मरून त्यात जंतुसंसर्ग झालेल्या रुग्णांचा. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत मृत व जिवंत ऊती एकमेकींत मिसळलेल्या असल्याने त्या वेगळ्या करताना प्रचंड रक्तस्राव होऊ शकतो. साधारण चार आठवड्यांनी मृत भागाभोवती भिंत तयार होते आणि काम पुष्कळ सुरक्षित होते. नेदरलँड्समध्ये ८८ रुग्णांवर झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत याचा पुढचा टप्पा दिसला : आधी त्वचेतून नळी घालून पू बाहेर काढायचा आणि तेवढ्याने भागले नाही तरच लहान छेदातून मृत भाग काढायचा, या पायरीपायरीच्या पद्धतीत मृत्यू किंवा मोठी गुंतागुंत ४० टक्के रुग्णांत झाली, तर पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेत ती ६९ टक्क्यांत झाली. पायरीपायरीने उपचार झालेल्यांपैकी ३५ टक्के रुग्णांना केवळ नळी पुरली. मृत्यूच्या प्रमाणात मात्र लक्षणीय फरक पडला नाही, ही बाब या पद्धतीच्या उत्साही पुरस्कर्त्यांनीही नजरेआड करू नये. आता हेच काम अनेक ठिकाणी तोंडातून उतरवलेल्या दुर्बिणीने, जठराच्या भिंतीला छिद्र पाडून केले जाते.

अतिदक्षता विभागाबाहेर बसलेल्या नातेवाइकांना हे थांबणे चालढकल वाटते, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु या काळात प्रतिजैविके, श्वसनाला आधार, पोषण आणि वारंवार होणारे सीटी स्कॅन असे उपचार अखंड चालू असतात. शिवाय एक शस्त्रक्रिया अशी आहे की ती लांबवणेच चुकीचे ठरते, आणि ती शेजारच्या अवयवाची असते : खड्यांमुळे झालेला दाह सौम्य असेल, तर पित्ताशय त्याच मुक्कामात काढावे, अन्यथा महिन्याभराच्या प्रतीक्षेत दुसरा खडा निसटून रुग्णाला पुन्हा रुग्णालयात दाखल व्हावे लागण्याचा धोका असतो.