म्हातारपणीचे घर आणि मधला माणूस

शेतकऱ्याच्या घरी म्हातारपणाची वेगळी तजवीज कोणी करीत नसे. जमीन हीच तजवीज होती. मुलगा रानात, सून घरात, नातवंडे अंगणात आणि वडीलधारी ओसरीवर, असे घर चालू होते तोवर हा प्रश्न पडतही नव्हता. आता थोरला पुण्याला नोकरीत, धाकटा परराज्यात, लेक तिच्या घरी आणि गावच्या वाड्यात दोघेच म्हातारे, अशी घरे गावोगाव दिसतात. गुडघे साथ देत नाहीत, दवाखाना तालुक्याला, रात्री छातीत कळ आली तर गाडी कोण काढणार? मग मुले सांगतात, "शहराजवळ ज्येष्ठांसाठी वसाहती झाल्या आहेत. तिथे घर घेऊ."

विचार वाईट नाही. पण या घरासाठी बहुतेक वेळा दोन-चार एकर जमीन विकावी लागते, आणि घर दाखवायला जो येतो तो दलाल असतो. म्हणजे जन्माची पुंजी एका अनोळखी माणसाच्या शब्दावर पणाला लागते. म्हणून घरातल्या सर्वांनी पुढील गोष्टी एकदा एकत्र बसून वाचाव्यात.

ही वसाहत म्हणजे काय?

हा वृद्धाश्रम नव्हे. वृद्धाश्रमात आपण राहायला जातो, तर इथे आपण घर घेतो. स्वयंपाकघरासह एक-दोन खोल्यांचे घर आपले, आणि जेवणघर, डॉक्टरची फेरी, साफसफाई, रुग्णवाहिका, देवळाचा ओटा, फिरायची वाट हे सगळे सामायिक. अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील सन सिटी ही अशी मोठी वसाहत १९६० साली सुरू झाली. आपल्याकडे कोइमतूर आणि पुणे या भागांत अशा वसाहती बऱ्याच झाल्या आहेत. पुण्याची 'अथश्री' अनेकांनी ऐकलेली असेल.

पण सगळीकडे घर एकाच तऱ्हेने मिळत नाही, हे आधी ध्यानात घ्या. कुठे खरेदीखत होऊन घर मालकीचे होते. कुठे काही वर्षांचा भाडेपट्टा असतो. कुठे मोठी अनामत ठेवून हयातभर राहायचे आणि मागाहून अनामतीतला काही भाग वारसांना परत, अशी रीत असते. तिन्हींना बोलताना 'घर घेतले' असेच म्हणतात. तेव्हा दलालाला पहिला प्रश्न हाच करा : "आमच्या नावावर नेमके काय होणार? खरेदीखत, भाडेपट्टा की अनामत?" उत्तर तोंडी घेऊ नका. कराराचा मसुदा मागा.

दलाल कोणाचा माणूस?

मार्केट यार्डातला अडत्या आणि बैलबाजारातला दलाल तुम्हाला नवा नाही. रुमालाखाली बोटे दाबून होणारे सौदे तुम्ही पाहिले आहेत. तिथे आपण मनाशी एकच विचारतो : याला पैसे कोण देतो? इथेही तेच विचारा. नव्या वसाहतीतले घर असेल तर दलाली बहुधा बांधकाम करणारा देतो. तेव्हा दलाल कितीही गोड बोलला तरी त्याचे मीठ तिकडचे आहे. जुने घर एका मालकाकडून दुसऱ्याने घ्यायचे असेल, तर तो दोघांकडूनही दलाली मागतो. दलाली घेणे हा गुन्हा नाही. चांगला दलाल चार वसाहती दाखवतो, कागद गोळा करतो, खेपा वाचवतो. पण दलाली किती, कोणी आणि केव्हा द्यायची हे पहिल्याच भेटीत कागदावर लिहून घ्या.

२०१६ साली स्थावर संपदेचा कायदा झाला. त्याला सगळे 'रेरा' म्हणतात. महाराष्ट्रात त्याचे काम महारेरा हे प्राधिकरण पाहते. या कायद्याने दलालालाही नोंदणी सक्तीची केली आहे. महारेराने तर दलालांना प्रशिक्षण आणि परीक्षाही लावली आहे. नोंदणी पाच वर्षांची असते. बिननोंदणीने धंदा करणाऱ्याला दिवसाला दहा हजार रुपये आणि एकंदर घराच्या किमतीच्या पाच टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. तेव्हा संकोच न करता विचारा, "भाऊ, तुमचा महारेरा नंबर काय?" दलालाचा नंबर इंग्रजी 'ए' अक्षराने सुरू होतो, वसाहतीचा 'पी' ने. दोन्ही लिहून घ्या आणि मुलाला किंवा नातीला मोबाइलवर महारेराच्या संकेतस्थळावर पडताळून पाहायला सांगा. हे पाहायला पैसे पडत नाहीत. तिथे वसाहतीचा मंजूर नकाशा, पूर्ण होण्याची तारीख, जमिनीवरचा बोजा आणि चालू दावे यांची माहिती मिळते.

नोंदणी नसलेल्या वसाहतीतले घर विकून देणे, नसलेल्या सोयी आहेत म्हणून सांगणे, या दोन्ही गोष्टी दलालाला कायद्याने मना आहेत. नोंदणीच्या वेळी ज्या कागदांवर तुमचा हक्क आहे ते मिळवून देणे हेही त्याचे काम आहे. "कागद नंतर पाहू, आधी टोकन द्या, उद्या भाव वाढतो" असे म्हणणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

सातबारा वाचता येतो, तो वाचा

शहरात गेले की आपला माणूस उगाच बुजतो. वास्तविक जमिनीचे कागद वाचण्यात तुम्ही शहरवाल्यांपेक्षा पुढे आहात. ज्या जमिनीवर इमारत उभी आहे तिचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका मागा. 'इतर हक्क' या रकान्यात बँकेचा बोजा, कुळाचे नाव, वारसाचा वाद काही आहे का पाहा. फेरफार पाहा. बिनशेतीचा आदेश मागा. इमारत पुरी झाली असेल तर भोगवटा प्रमाणपत्र मागा. ते नसताना राहायला जाणे म्हणजे पुढे पाणी, वीज, कर यांच्या खेपा ओढवून घेणे. एवढे झाल्यावर आपल्या ओळखीच्या, आपण फी दिलेल्या वकिलाकडून मालकी हक्काचा शोध घ्या. दलालाने सुचवलेला वकील नको.

पैसे देताना कायदा तुमच्या बाजूला आहे, त्याचा उपयोग करा. नोंदवलेला विक्रीकरार होण्याआधी किमतीच्या दहा टक्क्यांहून अधिक रक्कम बांधकाम करणाऱ्याला घेता येत नाही. समजा, घर ४० लाखांचे आहे. तर करारापूर्वी ४ लाखांच्या वर एक रुपया देऊ नका. घेतलेल्या पैशांतले सत्तर टक्के त्याने वेगळ्या खात्यात ठेवून त्याच कामाला लावायचे असतात. घराची किंमत चटईक्षेत्रावर, म्हणजे आतल्या वापरण्याजोग्या जागेवर ठरते. तेव्हा जिना-पोर्च धरून सांगितलेला मोठा आकडा ऐकू नका. ताबा वेळेवर मिळाला नाही तर व्याजासह पैसे परत मागता येतात, किंवा घर घ्यायचेच असेल तर ताब्यापर्यंत दरमहा व्याज मागता येते. ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर तो त्याने आपल्या खर्चाने दुरुस्त करायचा असतो. पैसे नेहमी चेकने किंवा बँकेतून द्या. रोख रकमेची पावती दलाल देत नाही आणि पावती नसलेला पैसा कोर्टात बोलत नाही.

नावापुरती ज्येष्ठांची नको

फाटकावर पाटी लावली म्हणून वसाहत ज्येष्ठांची होत नाही. केंद्र सरकारने २०१९ साली अशा वसाहतींसाठी आदर्श मार्गदर्शक सूचना काढल्या. महारेराने २०२४ साली आपले नियम घालून दिले. दारे निदान ९०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे तीन फूट रुंद, चाकाची खुर्ची सहज जाईल अशी हवीत. जिना दीड मीटर रुंद, दोन्ही बाजूंना कठडा आणि एका दमात बारापेक्षा जास्त पायऱ्या नकोत. मोरी-संडासात न घसरणारी फरशी आणि धरायला दांडे असावेत. दार बाहेर उघडणारे हवे, म्हणजे आत कोणी पडले तर दार अडत नाही.

दलालाला विचारा, "ही वसाहत महारेराकडे ज्येष्ठ नागरिकांची म्हणून नोंदलेली आहे की साधी?" आणि जाताना खिशात मोजपट्टी घेऊन जा. दार मोजा. मोरीत पाणी ओतून त्यावर चालून पाहा. बैल घेताना दात पाहतो, मग घर घेताना का लाजायचे?

महिन्याचा खर्च मांडा

घराची किंमत एकदाच द्यायची असते, पण महिन्याचा आकार मरेपर्यंत द्यायचा असतो. समजा, जेवण, साफसफाई, सुरक्षा धरून दोघांचे महिन्याला २५ हजार होतात. वर्षाचे झाले ३ लाख, पंधरा वर्षांचे ४५ लाख. म्हणजे ४० लाखांच्या घराहून राहण्याचाच खर्च जास्त, आणि भाववाढ वेगळी. तेव्हा विचारा : आकार दरवर्षी किती वाढणार? जेवण घेतले नाही तरी पैसे लागतात का? अंथरुणाला खिळल्यावर इथेच सेवा मिळते की दुसरीकडे जावे लागते? दोघांतला एक गेल्यावर दुसऱ्याचा आकार कमी होतो का? नातू सुट्टीत महिनाभर राहिलेला चालतो का? घर विकताना वसाहतीला काही टक्के द्यावे लागतात का? मुलगा पन्नाशीचा नसेल तर वारसाने त्या घरात राहायचे की नुसते विकायचे?

ही सारी उत्तरे करारात सापडली पाहिजेत. आणखी एक करा. काही वसाहती पाहुण्यांच्या खोलीत थोडे दिवस राहू देतात. तिथे पावसाळ्यात आठ दिवस राहून पाहा. भाकरी मिळते का, बोलायला आपल्यासारखे माणूस आहे का, दवाखाना खरोखर किती लांब आहे, हे माहितीपत्रकात नसते.

जमीन विकण्याआधी

आपल्या कूळकायद्याप्रमाणे शेतकरी नसलेल्या माणसाला सरकारी परवानगीवाचून शेतजमीन घेता येत नाही. तेव्हा नावावरचा शेवटचा तुकडाही विकू नका. तो गेला की पुन्हा जमीन घेताना शेतकरी असल्याचा पुरावा शोधत फिरावे लागते. वडिलोपार्जित जमीन असेल तर २००५ च्या दुरुस्तीपासून लेकींचाही मुलांइतकाच हक्क आहे. त्यांना विचारून, त्यांच्या सह्या घेऊनच व्यवहार करा. नाहीतर घर मिळेल आणि माहेर तुटेल.

राहिलेली जमीन मुलांच्या नावे करायची असेल, तर 'आमचा सांभाळ करावा' ही अट बक्षीसपत्रात लिहून ठेवा. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याने अशी अट मोडली तर ते बक्षीसपत्र रद्द करून घेता येते. अट लिहिलेलीच नसेल तर म्हातारपणी भांडायचे कशाच्या बळावर?

घराच्या कागदावर बाईचे नाव असू द्या. बहुतेक घरांत मागे राहते ती तीच, आणि तेव्हा वारसाच्या दाखल्यासाठी तिने कचेरीच्या पायऱ्या चढाव्यात हे बरे नव्हे. घर एकट्या स्त्रीच्या नावे घेतले तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलतही मिळते. बरोबरीने दोघांनी मृत्युपत्र करून ठेवावे. मृत्युपत्र केल्याने कोणी लवकर मरत नाही.

आणि शेवटी एक. घर पाहायला दोघांनी मिळून जा. मुलांना बरोबर न्या, पण होकार किंवा नकार तुम्ही दोघांनी द्या, कारण तिथे राहायचे तुम्हालाच आहे. त्या दिवशी सही करू नका. घरी या, दोन रात्री झोपा, मग ठरवा. जो दलाल तेवढा थांबतो त्याच्याशी व्यवहार करावा. जो थांबत नाही त्याचे घर आपल्यासाठी नाही.