ब्राँझची मेघडंबरी

व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिकात पाऊल टाकले की नजर ठरत नाही. आतली लांबी सुमारे १८६ मीटर, वर मायकलअँजेलोचा घुमट. एवढ्या विस्तारात माणसाच्या उंचीची वेदी सहज हरवली असती. ती हरवत नाही, याचे श्रेय तिच्यावरच्या सुमारे २९ मीटर उंच ब्राँझच्या मेघडंबरीला.

खाली संत पीटर यांची समाधी, तिच्यावर वेदी आणि त्या दोन्हींवर हे छत्र. पोप आठवे अर्बन यांनी १६२४ मध्ये हे काम जानलोरेन्झो बर्निनीकडे सोपवले, तेव्हा तो पंचविशीत होता. पुढे मोठा वास्तुकार म्हणून गाजलेला बोरोमिनीही या कामात होता. १६३३ मध्ये मेघडंबरीचे अनावरण झाले.

मिरवणुकीत चार काठ्यांवर धरलेले रेशमी छत असते, तेच बर्निनीने धातूत उभे केले. वरची झालर आणि गोंडे वाऱ्याने नुकतेच हलल्यासारखे दिसतात, पण ते ब्राँझचे आहेत. माथ्यावर भरीव छप्पर नाही, नुसत्या वळणदार कमानी आहेत. त्यामुळे इतकी प्रचंड रचना असूनही पलीकडचे दृश्य अडत नाही. शिखरावर पुनरुत्थित ख्रिस्ताची मूर्ती बसवायचा बेत होता. तिचे वजन फार होईल म्हणून तिथे गोल आणि क्रूस आले.

मेघडंबरीच्या पिळाच्या खांबांचा आकार याच जागी पूर्वी असलेल्या जुन्या चर्चमधून आला. सम्राट कॉन्स्टंटाइनने समाधीपाशी तसेच संगमरवरी खांब उभारले होते आणि ते सॉलोमनच्या मंदिरातले आहेत, अशी श्रद्धा होती. त्यांतले आठ खांब घुमटाच्या चार महाकाय स्तंभांवरच्या सज्जांत आजही आहेत. जुन्या गोव्याच्या बॉम जीझस बॅसिलिकातल्या सोनेरी वेदीचे पिळदार खांब ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना हे रूप ओळखीचे वाटेल.

या वैभवाला एक डागही आहे. ब्राँझ कमी पडू लागल्यावर पोपने प्राचीन पँथिऑनच्या द्वारमंडपाचे ब्राँझ काढवले. त्यातले बहुतेक तोफांसाठी गेले, तरी रोमकरांनी पोपच्या बार्बेरिनी घराण्याला शहर लुटणाऱ्या टोळ्यांच्या पंक्तीला बसवले. या घराण्याचे चिन्ह असलेल्या मधमाश्या मेघडंबरीवर जागोजागी दिसतात.

अठराव्या शतकानंतरची पहिली मोठी साफसफाई २०२४ मध्ये झाली. काजळी आणि जुने थर निघाले, सोनेरी मुलामा उजळला.

बॅसिलिकात प्रवेश विनामूल्य आहे. खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे मात्र हवेत. आत गेल्यावर आधी मधल्या मार्गिकेत थांबून पाहा. खांबांच्या चौकटीत मागच्या भिंतीवरचे, बर्निनीनेच १६६६ मध्ये पूर्ण केलेले संत पीटर यांचे आसन दिसते. मग जवळ जाऊन खांबांवर चढत गेलेल्या लॉरेलच्या फांद्या पाहा. लांबून भव्यता आणि जवळून नाजूकपणा, असे दोन्ही अनुभव देणारी शिल्पे जगात फार थोडी आहेत.