पाळीचा कितवा दिवस?

सकाळचे साडेसात. नाशिकमधल्या एका पॅथॉलॉजी लॅबच्या खिडकीपाशी रांग लागलेली. शुगर, थायरॉईड, हिमोग्लोबिन करत ती भराभर पुढे सरकते. मग एका चिठ्ठीवर एफएसएच, एलएच, इस्ट्राडिओल, प्रोलॅक्टिन अशी हार्मोन्सची नावं दिसतात आणि टेक्निशियन खिडकी सोडून बाहेर येते. पुढचा प्रश्न चारचौघांत विचारायचा नाही, हा तिचा नेम. "ताई, पाळी कधी आली? आज कितवा दिवस?" सोबतच्या सासूबाई उत्तर द्यायला सरसावतात. "काकू, त्यांनाच सांगू द्या."

"परवा नुसते डाग होते. नीट काल सुरू झाली."

म्हणजे आज दुसरा दिवस. डागांचा दिवस मोजत नाहीत. फॉर्मवर ठळक अक्षरांत 'दिवस २' लिहिलं जातं. पुढे रिपोर्टात येणाऱ्या प्रत्येक आकड्याचा अर्थ या नोंदीवर ठरतो, आणि नेमकी तीच कित्येक फॉर्मवर कोरी असते.

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंडाशयाचं काम नुकतंच सुरू होत असतं. अंड्यांचा साठा कमी असेल, तर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी जास्त जोर लावते आणि एफएसएच चढतो. या दिवसांत तो १०च्या वर गेला की डॉक्टर सावध होतात. पण एकटा एफएसएच फसवू शकतो. इस्ट्राडिओल आधीच वाढलेलं असेल, तर ते एफएसएचला दाबून ठेवतं आणि आकडा छान दिसतो. म्हणून दोन्ही एकाच वेळी तपासायचे.

प्रोजेस्टेरॉनचं गणित याहून जास्त चुकतं. अंडं फुटल्यावर ते वाढतं आणि पुढच्या पाळीच्या साधारण आठवडाभर आधी सर्वांत जास्त असतं. पाळी २८ दिवसांनी येत असेल, तर तो दिवस एकविसावा. पण ३५ दिवसांनी येत असेल, तर अठ्ठाविसावा. चिठ्ठीवर मात्र सर्रास एकविसावाच असतो. मग आकडा कमी येतो आणि अंडं व्यवस्थित फुटणाऱ्या बाईला 'फुटत नाही' असं ऐकावं लागतं. हे टाळता येण्यासारखं दुःख आहे.

प्रोलॅक्टिनसाठी घाई चालत नाही. झोपेत आणि ताणात ते वाढतं. उठून दोन-तीन तास झालेले बरे. जिने चढून धापा टाकत आलेल्या बाईला आधी स्वस्थ बसवतात. मग दंडाला पट्टा, "मूठ आवळा", बोटाने शीर चाचपणं, आणि पिवळ्या टोपणाची नळी भरू लागते. ती हलक्या हाताने पाच-सहा वेळा उलटसुलट करायची. जोरात हलवली तर पेशी फुटतात आणि सॅम्पल लालसर होऊन वाया जातं. अर्धा तास रक्त गोठू द्यायचं, मग दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज. बाहेर येते तेव्हा तळाशी गडद गुठळी, मध्ये जेलचा थर आणि वर फिकट पिवळं, पारदर्शक सिरम. मशीनला हवं असतं ते एवढंच.

त्यात इस्ट्राडिओल पिकोग्रॅममध्ये मोजायचं असतं, म्हणजे ग्रॅमचा लाख कोटीवा भाग. इतकं सूक्ष्म मोजायची वाट रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी न्यूयॉर्कमध्ये १९५०च्या दशकात शोधली. अँटिबॉडी आणि किरणोत्सारी आयोडीन वापरून त्यांनी रक्तातलं इन्सुलिन मोजलं. यॅलो यांना १९७७मध्ये नोबेल मिळालं. बर्सन ते पाहायला राहिले नव्हते. आता बहुतेक ठिकाणी किरणोत्साराऐवजी रासायनिक क्रियेतून निघणारा प्रकाश मोजतात. अँटिबॉडीवरची भिस्त मात्र तीच.

म्हणून टेक्निशियनचा दुसरा प्रश्न: "केसांसाठी गोळ्या चालू आहेत का?" त्या गोळ्यांमध्ये बायोटिन असतं, आणि बऱ्याच मशीनमध्ये अँटिबॉडी पकडून ठेवायलाही बायोटिनच वापरतात. रक्तात ते जास्त असलं, तर अशा मशीनवर टीएसएच, एफएसएच खोटे कमी आणि इस्ट्राडिओल, प्रोजेस्टेरॉन खोटे जास्त येऊ शकतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७मध्ये याबद्दल सावध केलं होतं. आपल्याकडे या गोळ्या औषध म्हणून कुणी धरतच नाही, त्यामुळे विचारल्याशिवाय सांगितलंही जात नाही.

एएमएच या हार्मोनच्या तपासणीला तारखेचं बंधन फारसं नाही, कोणत्याही दिवशी रक्त दिलं तरी चालतं. त्यामुळेच 'फर्टिलिटी पॅकेज'मध्ये ती सहज बसते. आयव्हीएफची इंजेक्शनं ठरवताना तिचा मोठा उपयोग आहे. पण ती साठ्याचा अंदाज देते, अंड्यांचा दर्जा सांगत नाही. मूल राहण्यात काही अडचण नसलेल्या मुलीला नैसर्गिक गर्भधारणा होईल की नाही, याचं भाकीत तिच्यावरून करता येत नाही. पंचविशीतल्या मुलीला असा रिपोर्ट हातात देऊन घाबरवणं सरळ चूक आहे.

वेळेचा नियम पुरुषांनाही आहे. टेस्टोस्टेरॉन सकाळी जास्त असतं, म्हणून रक्त उपाशीपोटी दहाच्या आत द्यायचं, आणि कमी आलं तर दुसऱ्या एखाद्या सकाळी पुन्हा तपासायचं. त्याआधी वीर्यतपासणी हवी. ती साधी असते, सुई टोचावी लागत नाही. मूल न होणाऱ्या जवळपास निम्म्या जोडप्यांमध्ये पुरुषाकडच्या कारणाचा वाटा असतो. तरीही बाईची फाइल जाडजूड झालेली आणि नवऱ्याची एकही तपासणी नाही, अशी जोडपी येतच राहतात. दंडावरचा पट्टा सोडताना टेक्निशियन विचारते, "मिस्टरांची तपासणी झाली का?" नाही म्हटलं की ती त्यांच्या नावाची चिठ्ठी डॉक्टरांकडून घ्यायला सांगते आणि मागे लिहून देते: दोन ते सात दिवसांचा खंड ठेवून यावे.