तालीम दहाच्या आत संपली पाहिजे

रात्रीची तालीम दहाच्या पुढे न्यायची नाही. ती संपली की गप्पा मारत रेंगाळायचं नाही, गुपचूप झोपायला जायचं, कारण बाकीची मुलं केव्हाच झोपलेली असतात. कपडेपटात कामाशिवाय कुणाला सोडायचं नाही. मंच आदल्या दिवशीच उभा करून ठेवायचा, म्हणजे सणाच्या दिवशी ठोकाठोक नको.

हे नियम एखाद्या कडक नाटकमंडळीच्या मालकाचे वाटतील. प्रत्यक्षात ते १८५८ साली इटलीतल्या तुरीन शहरात एका कॅथलिक धर्मगुरूंनी लिहिले, आणि ते होते शहरातल्या गरीब पोरांच्या नाटकासाठी. या धर्मगुरूंचं नाव मुंबईकरांना माटुंग्याच्या शाळेमुळे ठाऊक असतं: डॉन बॉस्को. नाव घरोघरी पोहोचलं, पण हा माणूस दोरीवर चालायचा, जादूचे प्रयोग करायचा आणि नाटकं लिहायचा, हे त्या शाळेत दहा वर्षं काढलेल्यांतही फार जणांना सांगता येणार नाही. पोरांना नाटक-गाणं शिकवण्याची त्यांची एक ठरीव पद्धत होती. ती कशी चालायची ते सावकाश पाहण्यासारखं आहे.

आधी पोरं कोण होती ते पाहू. १८४० च्या दशकातलं तुरीन वाढत होतं, बांधकामं चालू होती. आसपासच्या खेड्यांतून आणि डोंगराळ भागातून पोरं कामाला येत. कुणी गवंड्याच्या हाताखाली विटा वाही, कुणी लोकांच्या घरच्या धुराड्यात उतरून काजळी खरवडून काढी. आठवडाभर काम आणि रविवारी मोकळा वेळ, म्हणजे रस्ता, जुगार, मारामारी. त्यातली काही थेट तुरुंगात पोहोचत. बॉस्को १८४१ मध्ये धर्मगुरू झाले आणि त्याच वर्षाच्या शेवटी अशा पोरांना रविवारी एकत्र जमवू लागले. शेकडो पोरांचा गोंगाट शेजाऱ्यांना सोसेना, म्हणून जागा बदलाव्या लागल्या. शहराचा कारभार पाहणारे मार्क्विस मिकेले काव्हूर (इटलीच्या एकीकरणातल्या प्रसिद्ध काव्हूरांचे वडील) यांना तर हा जमाव शांततेला धोका वाटे. अखेर १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्को भागात पिनार्दी नावाच्या माणसाची एक पडवी भाड्याने मिळाली. छप्पर इतकं खाली होतं की उंची मिळावी म्हणून आतली जमीन खणून काढली. सगळा पसारा पुढे तिथूनच वाढला.

पोरं जमवायची कशी, हे बॉस्कोंना लहानपणीच उमगलं होतं. त्यांच्या आठवणींत ते सांगतात की बेक्की या आपल्या गावच्या वाडीत ते दोन झाडांना दोरी बांधून तिच्यावर चालत, हातांवर चालत, उलट्या उड्या मारत. जत्रेतल्या डोंबाऱ्या-जादूगारांकडे बारीक नजर लावून हे सगळं उचललेलं. पाहायला गर्दी होई. पण खेळ सुरू होण्याआधी सगळ्यांनी जपमाळेची प्रार्थना म्हणायची आणि सकाळी चर्चमध्ये ऐकलेलं प्रवचन या पोराकडून पुन्हा ऐकायचं. तेच तिकीट. ज्याला ते नको असेल त्याने चालू पडावं. या आठवणी त्यांनी उतारवयात आपल्या अनुयायांना धडा म्हणून लिहिल्या, तेव्हा त्यात थोडं रंगकाम असणारच. तरी पुढे वाल्दोक्कोत जे घडलं त्याचा साचा इथेच दिसतो. करमणूक आणि धर्म एकाच दारातून आत येतात, आणि ते दार लपवलेलं नसतं.

याच माणसाने एकदा स्वतःचं व्हायोलिन फोडलं होतं. सेमिनरीत शिकत असताना नातेवाइकांकडच्या एका जेवणावळीत आग्रह झाला म्हणून ते वाजवायला बसले. थोड्या वेळाने अंगणातून पायांचा आवाज येऊ लागला. पाहतात तो लोक त्यांच्या वाजवण्यावर नाचताहेत! त्या काळच्या धर्मशिक्षणात असला नाच म्हणजे पापाची पायरी. घरी जाऊन त्यांनी आपलं वाद्य मोडून टाकलं. कलेबद्दल ओढ आणि कलेबद्दल धास्ती, दोन्ही एकाच माणसात होती, हे धरलं नाही तर त्यांचे नाटकाचे नियम नुसते खडूस वाटतील.

वाल्दोक्कोत सुरुवात गाण्यापासून झाली. गाणं शिकवायचं तर एकेका शिष्याला समोर बसवून शिकवायचं, अशी तेव्हाची रीत होती. चर्चच्या गायनवृंदाचे गुरुजीही तसंच करत. बॉस्कोंकडे शिकवणारे एक आणि शिकणारे ढीगभर. तेव्हा त्यांनी सगळ्या वर्गाला एकदम सुरांचे धडे द्यायला सुरुवात केली, तेही रात्री, पोरं कामावरून सुटल्यावर. शहरातले नावाजलेले संगीत-शिक्षक हा प्रकार बघायला येऊन बसत, असं ते लिहितात. कोवळ्या आवाजाची पोरं चर्चमध्ये समूहाने गाऊ लागली, याचंही लोकांना अप्रूप वाटलं.

पण एकटा माणूस किती पुरणार? यावरची तोड साधी होती. आठ-दहा चुणचुणीत मुलं निवडायची, त्यांना लॅटिन, फ्रेंच, गणित फुकट शिकवायचं, आणि बदल्यात त्यांनी रविवारच्या आणि रात्रीच्या वर्गात लहानांना शिकवायचं. ‘छोटे मास्तर’ म्हणत त्यांना. यातली काही टिकली, बरीच गळाली. पण शिकवणारा बाहेरून आणायचा नाही, शिकणाऱ्यांतूनच तयार करायचा, हा पायंडा पडला आणि पुढे नाटकातही तोच चालला.

नाटकाला खास जागा नव्हती. जिथे पोरं जेवत त्याच खोलीत मंच उभा राही. तिथे काय सादर होई, याचं मला सर्वांत आवडलेलं उदाहरण वजन-मापांचं आहे. तुरीन ज्यात होतं त्या पीडमाँटच्या राज्यात १ जानेवारी १८५० पासून दशमान पद्धत सक्तीची होणार होती. तोवर कापड ‘राझो’त मोजलं जाई, दारू ‘ब्रेन्ता’त, आणि बारा औंसांची ‘लिब्रा’ हे वजन. आपल्याकडे १९५७ मध्ये नवे पैसे आले आणि पाठोपाठ शेर-मण जाऊन किलो आला, तेव्हा बाजारात उडालेली तारांबळ आजोबा-आजींकडून ऐकलेल्यांना तुरीनमधल्या गोंधळाची कल्पना येईल. बॉस्कोंनी १८४९ मध्ये दशमान पद्धतीवर एक सोपं पुस्तक काढलं आणि त्याच डिसेंबरात तोच विषय संवादांच्या रूपात पोरांकडून मंचावर करवून घेतला.

हे काम कसं करतं ते पाहा. दुकानदाराचं काम करणाऱ्या पोराला संवाद पाठ करायचा तर हिशेब पाठ करावा लागतो. तो मंचावर चुकला तर समोरचे सोबती हसणार, म्हणून तालमीत तो दहादा घोटला जातो. पाहणाऱ्यांत उद्या गवंड्याकडे, सुताराकडे कामाला जाणारी पोरं आहेत. मीटर आणि किलो त्यांच्या उपयोगाचे आहेत. गिऱ्हाइकाच्या फजितीवर हसताना तेही मनात हिशेब करून बघतात. वर्गातल्या फळ्यावर हे व्हायला किती दिवस लागले असते?

विषय पोरांच्या जगातला हवा, हे गाण्यांतही दिसतं. जोवान्नी कालिएरो हा मुलगा १८५१ मध्ये तिथे आला, संगीतात रमला आणि पुढे तिथलाच संगीतकार झाला. त्याच्या गाण्यांत धुराडी साफ करणाऱ्या पोरावरचं एक आहे, अनाथ पोरावरचं एक आहे. गाणाऱ्यांना ही माणसं कल्पनेने उभी करायची गरज नव्हती.

आता पुन्हा नियमांकडे. सगळी जबाबदारी एका प्रमुखावर. कोणतं नाटक, कधी, हे त्याने संचालकांशी बोलून ठरवायचं आणि प्रत्येक तालमीला स्वतः हजर राहायचं. नाटक आनंद देणारं हवं, शिकवणारं हवं आणि मुख्य म्हणजे आटोपशीर हवं. लांबलेलं नाटक करणाऱ्यांनाही थकवतं आणि बघणाऱ्यांनाही. क्रूर प्रसंग नकोत. कपडे नीटनेटके, पण स्वस्तातले. दोन अंकांमधला वेळ कमीत कमी. तो कवितावाचनाने किंवा वाद्यांनी भरून काढायचा, आणि त्यासाठी संगीताच्या प्रमुखाशी आधी बोलून घ्यायचं. नटांनी आवाज नैसर्गिक ठेवावा, शब्द स्वच्छ उच्चारावे, हावभाव ठाम करावे, आणि हे जमायचं तर भाग चोख पाठ हवा. ही शेवटची सूचना आजच्या कोणत्याही एकांकिका स्पर्धेच्या तालमीत जशीच्या तशी चालेल.

खरी गंमत पात्रवाटपात आहे. मंचावर कोण जाणार? ज्याचं वागणं चांगलं तो. ज्याला अभिनय येतो तो, असं नाही. शिवाय निवडलेली मुलंही अधूनमधून बदलायची, म्हणजे इतरांना उमेद येते. जो आधीच गाण्या-वाजवण्यात आहे त्याला नाटकात घ्यायचं नाही. फार तर त्याने मधल्या वेळात काही म्हणून दाखवावं. सगळ्यात अवघड नियम हा: चांगलं काम करणाऱ्याला बक्षीस नाही, खास जेवण नाही, वेगळं कौतुक नाही. गळा किंवा अभिनय ही देवाची देणगी. शिकायला मिळालं आणि त्यासाठी वेळ मिळाला, तेवढा मोबदला पुरे.

यात नाटकाचा दर्जा घसरणार, हे उघड आहे. हातचा गुणी नट बसवून सालस पण ठोकळ्या मुलाला उभं करणं कुठल्या दिग्दर्शकाला रुचेल? पण बॉस्कोंचा हिशेब प्रयोगाचा नव्हता, तालमीचा होता. महिनाभर ठरल्या वेळी येणं, दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबणं, उसने आणलेले कपडे न फाटता परत करणं, हे ज्या पोराने आयुष्यात कधी केलेलं नाही त्याच्यासाठी तालीम. आणि बक्षिसं नसली की ‘हिरो’ तयार होत नाही. हिरो तयार झाला की बाकीचे वीस जण प्रेक्षक होतात. तरुणांची मंडळं चालवणाऱ्यांना हे अनुभवाने कळतं, बहुधा मंडळ फुटल्यावर.

अर्थात नियम कागदावरचे. कार्लो गास्तिनीसारखा मुलगा असला की स्टार होणारच. हा न्हाव्याच्या दुकानातला पोर. बॉस्को दाढीला गेले असताना यानेच साबण लावला. त्यांनी त्याची चौकशी केली आणि हट्टाने याच शिकाऊ पोराकडून दाढी करून घेतली. मालक नको नको म्हणत होता, आणि वस्तऱ्याने व्हायचं ते झालंच. पुढे पोरका झालेला गास्तिनी वाल्दोक्कोत राहायला आला, पुस्तकबांधणी शिकला आणि तिथला हुकमी विनोदी गडी ठरला. १८७० मध्ये माजी विद्यार्थ्यांना एकत्र आणायला पुढे झाला तो हाच.

शरद ऋतूत ही सगळी वरात गावोगाव निघे. बॉस्को शंभरेक पोरं, बँड आणि नाटकाचं सामान घेऊन पायी मोंफेराटोच्या टेकड्यांतून हिंडत. चौकात मंच टाकून खेळ करत आणि गावातल्या चर्चमध्ये गात. १८६४ मध्ये तर ते जेनोआपर्यंत पोहोचले. पोरांची सुट्टी झाली, गावाची करमणूक झाली, आणि पुढच्या वर्षासाठी त्या गावातली चार पोरं तुरीनला यायला तयार झाली. भरतीचा याहून चांगला मार्ग सापडणं कठीण.

कालिएरो १८७५ मध्ये पहिल्या मिशनरी तुकडीचे प्रमुख होऊन अर्जेंटिनाला गेले; पुढे ते कार्डिनल झाले. बॉस्कोंच्या संस्थेचे, म्हणजे सेलेशियन संघाचे, धर्मगुरू १९२८ मध्ये मुंबईत आले. शाळा उभ्या राहिल्या, आणि १९८७ पासून वडाळ्याला रस्त्यावरच्या मुलांसाठी त्यांचं निवारा केंद्र आहे. मैदान आणि पोरं एकत्र ठेवण्याची जुनी खोड अजून गेलेली नाही.

एक गोष्ट मात्र आज खटकते. वाल्दोक्कोच्या नाटकांत स्त्रीपात्र नसे. १८४३ मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ केलं, तेव्हा आपल्याकडेही बायका मंचावर नव्हत्या. पण आपण पुरुषाला लुगडं नेसवून प्रश्न सोडवला आणि पुढे त्याची एक थोर परंपराच झाली. बॉस्कोंनी प्रश्नच काढून टाकला. संहिता अशाच निवडायच्या किंवा लिहायच्या की तिथे बाप, मुलगा, मालक, चोर, शिपाई, अनाथ एवढेच असतील. साहजिकच प्रेमकथा गेली, संसार गेला, आई बहुतेक वेळा मेलेली असे. कथानकं मग एकाच वळणाची होत: वाट चुकलेला मुलगा, त्याला फसवणारा मित्र, शेवटी भेटणारा भला माणूस. १८७२ मध्ये मारिया माझारेल्लो यांच्यासोबत त्यांनी मुलींसाठी काम करणाऱ्या भगिनींचा संघ स्थापन केला. तिथेही नाटकं होऊ लागली, आणि नियम तोच, फक्त बाजू उलटी: सगळ्या भूमिका मुलींच्या, आणि गोष्टीत पुरुष नाही.