भोकांची भिंत आवाज कशी गिळते?

थंडीच्या रात्री शिंदखेड्यात अंथरुणावर पडलं, की रेल्वेचा भोंगा कसा अगदी परसात वाजल्यासारखा येतो, नाही? दिवसा तोच भोंगा लांबचा वाटतो. गाडी काही जवळ आलेली नसते. अशा रात्री जमिनीलगतची हवा गार आणि वरची त्यामानाने उबदार असते. त्यामुळे वर निघालेला आवाज वाकतो आणि पुन्हा खाली येतो.

महामार्गाचा आवाज अडवायला भिंत बांधली, तर तिच्या टोकावरूनही आवाज वाकतो, पण वेगळ्या कारणाने. नरडाण्यावरून मुंबई-आग्रा महामार्ग जातो. तिथल्या ट्रकची जाडीभरडी घरघर भिंतीवरून सहज पलीकडे उतरते, कर्कश हॉर्न मात्र कमी वाकतो. म्हणून भिंत इतकी उंच हवी, की आपल्या खिडकीतून ट्रक दिसताच कामा नये. मध्ये फटही नको. एवढं केलं तर आवाज साधारण ५ ते १० डेसिबल उतरतो. थोडाच वाटतो ना? पण १० डेसिबल कमी झाले, की कानाला आवाज जवळजवळ निम्माच वाटतो! आपल्या कायद्यात घरांजवळची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे. हॉर्नवाल्या काकांना हे कोण सांगणार?

साध्या सिमेंटच्या भिंतीची एक खोड आहे. ती आवाज परत फेकते. आपली झोप झाली, समोरच्यांची उडाली!

मग युक्ती काय? रस्त्याकडच्या पत्र्याला चक्क भोकं पाडायची. आत खडक वितळवून काढलेल्या बारीक तंतूंची लोकर भरायची आणि मागे भक्कम पत्रा लावायचा. आवाज म्हणजे हवेची थरथर. ती भोकांतून आत शिरते, तंतूंत घासत घासत अडकते आणि तिची उष्णता होते. ही उष्णता इतकी थोडी, की हाताला कळतही नाही.

मुंबईत काही उड्डाणपुलांच्या कडेला आवाज अडवणारे पडदे आहेत. नागपूरहून सिवनीकडे जाताना पेंचच्या जंगलात, राज्याची हद्द ओलांडली की महामार्गाला सुमारे ४ मीटर उंच भिंती दिसतात. त्या वाघ-हरणांसाठी आहेत. आवाजाबरोबर गाड्यांच्या दिव्यांचा झोतही त्या अडवतात.

आता एक करून बघा. रिकाम्या खोलीत टाळी वाजवा. मग भिंतींवर दोन-चार गोधड्या टांगून पुन्हा वाजवा. घुमणं कमी होईल. पण गोधडीने महामार्गाचा आवाज थांबणार नाही हं, त्याला वजनदार भिंतच लागते. तुमच्या खोलीत काय झालं, ते आम्हाला लिहून कळवा.