तरंगता भराव

सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात शिडाची बोट घेऊन कोणी नव्यानं आलं आणि तिच्यावरच संसार मांडायचं ठरवलं, की आधी चक्रावायची वेळ येते. धक्क्याला जागा रिकामी, बोट स्वतःची, भाडं द्यायची तयारी. तरी मरीनाचं ऑफिस सांगतं: बोट खुशाल बांधा, राहण्यासाठी मात्र प्रतीक्षा यादीत नाव घाला.

या यादीचा माग काढत गेलं की आपण १९६१च्या बर्कलीत पोचतो. उपसागरात भराव टाकून शहराला जवळजवळ दुप्पट मोठं व्हायचं होतं. (भराव म्हणजे काय, हे मुंबईकराला सांगायला नको.) के कर, सिल्व्हिया मॅकलॉक्लिन आणि एस्थर ग्युलिक या तिघींनी त्याविरुद्ध मोहीम उभारली, आणि १९६५मध्ये राज्यानं कायदा करून उपसागरावर देखरेखीसाठी आयोग नेमला.

त्या कायद्यातली भरावाची व्याख्या मुळातून वाचावी अशी आहे. माती आली, पाण्यात रोवलेले खांब आले. आणि त्यांच्या पाठोपाठ, पाण्यावर तरंगणाऱ्या पण दीर्घकाळ एकाच जागी बांधून ठेवलेल्या रचनाही आल्या. हाउसबोटींचं तर नाव घेऊन उदाहरण दिलंय. तरंगतंय तेही भराव! वेडेपणा वाटतो, पण उपसागराच्या बाजूनं विचार करून बघा: तेवढं पाणी झाकलं गेलं, खाली सावली पडली, इतरांची वाट अडली. मातीनं तरी याहून वेगळं काय केलं असतं?

यामागचा विचार फार जुना. वाहतं पाणी, समुद्र आणि किनारा सगळ्यांचे, असं सहाव्या शतकात जस्टिनियननं संकलित करवलेल्या रोमन कायद्यात म्हटलंय. सरकार मालक नव्हे, विश्वस्त. आपल्या सर्वोच्च न्यायालयानंही १९९६मध्ये बियास नदीकाठच्या कमलनाथ खटल्यात हेच तत्त्व उचलून धरलं. या हिशेबानं सार्वजनिक पाण्यावर कुणाचं कायमचं घर म्हणजे खासगी कब्जा. याच मुद्द्यावर रेडवूड सिटीतली डॉकटाउन ही तरंगती वस्ती अडचणीत आली.

मग मुळात कुणालाही परवानगी का? तर रात्री धक्क्यावर जाग हवी म्हणून! सुटलेला दोर, शिरलेलं पाणी, लागलेली आग आधी दिसते ती तिथं झोपणाऱ्याला. म्हणून आयोगानं सर्वसाधारणपणे एकूण जागांच्या १० टक्क्यांपर्यंत बोटींवर राहायची मुभा ठेवली. तीनशे बोटींच्या मरीनात फार तर तीस बिऱ्हाडं. मरीनानं संडास, न्हाणीघरं आणि बोटीतला मैला उपसायची सोय द्यायची. बोट मात्र खरोखर चालती हवी. मला यातली सगळ्यात गंमतशीर अट हीच वाटते: इथं राहायचं तर घर कधीही निघून जाऊ शकलं पाहिजे.

यादी सरकते ती कुणी बोट विकली किंवा जमिनीवर परतलं की. तोवर लोक साधी जागा भाड्यानं घेतात. चोरून राहणाऱ्यांना तिथं ‘स्नीक-अबोर्ड’ म्हणतात. बऱ्याच मरीना मोजक्या रात्रींची मुक्काम-सवलत देतात. आठवड्याला किती रात्री, ते करारात लिहिलेलं असतं, आणि सही करण्याआधी तोच आकडा शोधायचा.