‘मॅडम, वीस भरलं’

सकाळचा नाष्टा वॉर्डात यायच्या आत इन्सुलिन द्यायचं असतं. जीएनएमची विद्यार्थिनी सिरिंज डोळ्यांसमोर धरून बुडबुडा घालवते आणि म्हणते, “मॅडम, वीस भरलं.” मुरलेली ट्युटर सिरिंजकडे नंतर बघते. आधी बाटली मागते.

बाटलीवरचा आकडा महत्त्वाचा. सरकारी दवाखान्यातलं साधं इन्सुलिन बहुधा मिलीलिटरला 40 युनिटचं. काही नव्या औषधांच्या बाटल्या 100 युनिटच्या. लाल टोपणाची सिरिंज 40 साठी, नारिंगी 100 साठी. 100 चं औषध लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 20 च्या रेघेपर्यंत ओढलं, की पेशंटला 50 युनिट जातात. उलट झालं तर जेमतेम 8. रेघ मात्र दोन्हीकडे 20 च दाखवते.

मिरजेच्या वॉनलेस हॉस्पिटलात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून नर्सेस घडत आल्या. आता सातारा, कराड, सांगलीतही पांढऱ्या ॲप्रनमधल्या मुली ट्रॉलीमागे फिरताना दिसतात. योग्य पेशंट, औषध, मात्रा, मार्ग, वेळ ही पंचसूत्री सगळ्यांना पाठ असते. अडतं ते पहिल्याच सूत्रावर.

या पट्ट्यात एका वॉर्डात तीन पाटील आणि दोन शिंदे असणं नवलाचं नाही. “तुम्हीच पाटीलमामा ना?” असं विचारलं, की कोणीही हो म्हणणार. अर्धवट झोपेतले मामा तर नक्कीच. म्हणून प्रश्न असा हवा: “मामा, तुमचं पूर्ण नाव सांगा.” मग ते केसपेपरशी आणि नोंदणी क्रमांकाशी ताडायचं. खाट नंबर यात धरायचाच नाही. पंखा बंद पडला की लोक खाटा बदलतात.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांमुळे होणारी टाळण्याजोगी गंभीर हानी पाच वर्षांत निम्म्यावर आणायचं लक्ष्य ठेवलं. त्यासाठी हेपॅरिन, इन्सुलिन, पोटॅशियम क्लोराइड अशा जोखमीच्या औषधांना दुहेरी तपासणी सांगतात. पण विद्यार्थिनीचं गणित बघून मान डोलावणं ही तपासणी नव्हे. ट्युटरने तिचं उत्तर न बघता स्वतंत्र हिशेब करायचा आणि मग दोन्ही आकडे जुळवायचे. गर्दीच्या वॉर्डात नेमकं हेच गळतं. एकीमागे डझनभर मुली असल्या, तर कसं जमावं?

सहीचंही तसंच. पेशंट बाथरूमला गेलाय, गोळी टेबलावर ठेवून चार्टवर ‘दिली’ लिहून मोकळं व्हायचा मोह सगळ्यांनाच होतो. अशा वेळी ट्युटर गोळी उचलायला लावते, चार्ट कोरा ठेवते, आणि दोघी पुढच्या खाटेकडे वळतात. मामा परत आले, की पुन्हा पूर्ण नाव विचारण्यापासून सुरुवात.